टायबर खोऱ्यातला तुटका पूल: १/३५ प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

ठरलं एकदाचं. वर्षभर कपाटावर पडून असलेली ६० बाय ४० सेंमीची प्लायची फळी खाली काढली, धूळ झटकली आणि पेन्सिलीनं तिच्यावर ओढा काढला. १/३५ मापाचा युद्धदेखावा करायचा. विषय: इटली, वरचं टायबर खोरं, जुलै १९४४. माघार घेताना जर्मनांनी उडवलेला दगडी पूल आणि शेजारच्या आटलेल्या पात्रातून वाट काढणारे मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. त्यांच्या पुढे सुरुंग शोधणारे दोन सॅपर, म्हणजे लष्करी अभियंता दलाचे जवान.

हा अमुक गावचा अमुक पूल नाही, हे आधीच लिहून ठेवतो. इटलीच्या या भागात, उंब्रियात, अर्धगोल कमानींचे जुने पूल ओढ्याओढ्यावर आहेत, त्यांच्यासारखाच एक. टायबरचा नव्हे, तिला मिळणाऱ्या एखाद्या उपनदीचा.

इटलीत आपल्या तीन डिव्हिजन लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. त्यांतल्या चौथी आणि दहावी त्या जुलैत याच डोंगराळ भागात होत्या, आणि दहावीत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. घरात दोन कपाटं भरून टायगर आणि शेरमन रणगाडे आहेत, मराठा शिपाई एकही नाही. याची थोडी लाज वाटते.

८ जून

आज नुसतं गणित. कमानीचा गाळा खऱ्या मापात ७ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २०० मिमी. अर्धगोल, म्हणजे त्रिज्या १०० आणि आतला परीघ साधारण ३१४. कमानीचे दगड विषम हवेत, कारण माथ्यावर मधोमध एकच चावीचा दगड बसतो. ३१ धरले. प्रत्येकाच्या वाट्याला ५.८ अंश येतात. आतल्या बाजूला रुंदी १०.१ मिमी, बाहेरच्या बाजूला ११.९, जाडी १७. हा पावणेदोन मिलिमीटरचा फरक म्हणजेच कमान. तो नसेल तर दगडांची रांग कितीही वाकवा, चुना निघाला की खाली येणार.

गाळे दोन: एक शाबूत, एक उडवलेला. मधला खांब आधी ३५ मिमीचा काढला होता, दिसायला सडपातळ आणि छान. मग लक्षात आलं की दोन्ही कमानी उभ्या असताना त्यांचे रेटे खांबावर समोरासमोर भिडतात आणि एकमेकांना तोलून धरतात. एक कमान गेली की दुसरीचा रेटा खांबाला एकट्यानं सोसावा लागतो. सव्वा मीटरचा खांब तिथं झुकला असता आणि शाबूत गाळाही घेऊन गेला असता. सुरुंग लावणारे म्हणूनच खांब गाठत: एका खांबात दोन गाळे जातात. माझ्या देखाव्यात एक गाळा वाचायचा असेल तर खांब जाडच हवा. ६० मिमी केला, खरे २.१ मीटर. फळीवर जागा भरायला काठाकडच्या भिंती थोड्या कापल्या.

१६ जून

दगड कशाचे करायचे यावर आठवडा गेला. थर्माकोल बाद, त्याचे मणी दिसतात. निळा एक्सपीएस फोम भिंतींना चालेल, पण कमानीचे दगड सुटे आणि वजनदार हवेत, कारण कमान आधी खरी बांधायची आणि मग पाडायची असं ठरवलंय. आधीच्या एका देखाव्यात मोडकं घर थेट मोडकंच कोरलं होतं. ते आजही नाटकातल्या पडद्यासारखं दिसतं.

एक मूळ दगड फोममधून कापला, त्यावर टाकीच्या खुणा कोरल्या आणि त्याच्या आठ प्रती लावून सिलिकॉनचा साचा केला. एका वेळी आठ दगड निघतात. साधं प्लास्टर कडांना भुसभुशीत राहतं, म्हणून दातांच्या कवळ्यांच्या साच्याला वापरतात ते डेंटल स्टोन आणलं. पिवळसर रंगाचं, आणि वाळलं की वाजतं.

वाळलं की. पाऊस सुरू झालाय आणि दगड तीन-तीन दिवस गार लागतात. सध्या फ्रिजच्या मागे वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून ठेवलेत. घरच्यांनी अजून पाहिलेलं नाही.

२३ जून

भिंतींचा फोम चिकटवायला हाताशी होतं ते रबरी सोल्यूशन लावलं. दहा मिनिटांत काठाकडची भिंत आतून विरघळून पोकळ झाली. पंचवीस वर्षं मॉडेलं करतोय. पुढं लिहीत नाही.

३० जून, रविवार

साताऱ्याहून मामा आलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तोपर्यंत आणि नंतर महिनाभर आमच्याकडेच. मामांनी चाळीस वर्षं दगडी बांधकाम केलं: विहिरी, देवळांचे चौथरे, बंधारे, मोऱ्या. आता दोन्ही डोळ्यांपुढं धुकं आहे, त्यामुळे टेबलावर काय चाललंय ते त्यांना नीट दिसत नाही. पण वास आला.

"चुना कालवतोयस व्हय रं?"

"प्लास्टर आहे मामा. पूल करतोय."

खुर्ची ओढून बसले आणि हात पुढं केला. तेव्हा शाबूत गाळ्याची कमान लाकडी ढोल्यावर, म्हणजे खालच्या तात्पुरत्या आधारावर, लावून झाली होती, चावी सोडून. मामांनी आधी बाहेरच्या दगडांवरून बोट फिरवलं. मग अंगठा वाकवून कमानीच्या पोटाखाली घातला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. पुन्हा एकदा नेला.

"तोंडाचे दगड समदे एका मापाचे घेतलेस."

"हो, एकाच साच्यातले आहेत."

"म्हंजी त्यांच्या पाठीमागं सरळ सांधा फिरलाय. हितनं हितवर." अंगठ्यानं हवेत अर्धगोल काढला. "सांधमोड कुठाय? चार पावसाळ्यात तोंडाची माळ सुटून खाली येईल. एक लांब घे, एक आखूड घे. लांबाचं शेपूट आत गेलं पायजे."

दगड १२ मिमी खोल होते, सगळेच. मागचे पोटातले दगड त्यांना टेकून सरळ रेषेत लावले होते. पुढून पाहणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं, आणि गाळा शाबूतच राहणार होता. पण दुसरा गाळा तुटणार आहे, आणि तुटलेल्या जागी नेमकं हेच उघडं पडणार आहे.

सगळं उतरवलं. दुसरा साचा केला, २० मिमी खोलीचा. आता १६ लांब आणि १५ आखूड, एकाआड एक.

संध्याकाळी चावी बसवताना मामांना विचारलं, ठोकायची की नुसती सरकवायची? म्हणाले, "ठोकायची न्हाई. बसंल ती. बसली की आवाज बदलतो." नखानं टिचकी मारून पाहिली. खरंच बदलला.

७ जुलै

दुसऱ्या गाळ्याची कमान कोरडीच लावली, डिंकाचा थेंबही नाही. बाजूच्या भिंतींच्या मध्ये, कमानीच्या पाठीवर दोन्हीकडं भर घातली: विटेचा चुरा, वाळू, बारीक खडी आणि पातळ फेविकॉल. खऱ्या पुलातही पुढून दिसते ती घडीव दगडांची साल. आत राडारोडा आणि माती असते.

मग ढोला काढला. काढताना एक मिलिमीटरभर बसली आणि थांबली. वर एक किलो तांदळाची पिशवी ठेवली, मग दोन. शेवटी घरातली इस्त्री. उभी! फोटो काढले. हा फोटो कुणाला दाखवला तर 'इस्त्री का?' एवढंच विचारतील.

१० जुलै

आज काम नाही. बरोबर ८० वर्षांपूर्वी, १० जुलै १९४४ ला, याच खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. तिसऱ्या बटालियनचे, वय २२, गाव आत्ताच्या रायगड जिल्ह्यातलं. जवळून होणाऱ्या मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, ते एकटे उरले. त्यांनी धावत जाऊन बाँबनं मशिनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमी गननं आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. देह मिळाला नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलैत तिकडं मोन्तोने गावानं त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय.

दोघा मित्रांनी सुचवलं की देखाव्यात घाडगेच दाखव. नाही दाखवणार. ती झटापट पुलावरची नव्हती, आणि माझ्या सोयीसाठी त्यांना तिथून उचलून माझ्या ओढ्यात आणून उभं करणं पटत नाही. माझ्या देखाव्यातले शिपाई त्याच पलटणीतले, पण बिननावाचे. कदाचित आदल्याच आठवड्यातले.

१४ जुलै, रविवार

पाडापाडी.

आधी संदर्भ म्हणून अमृतांजन पुलाचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. खंडाळ्याचा तो इंग्रजांच्या काळातला, १८३० चा दगडी पूल २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना सुरुंग लावून पाडला. लहानपणी एसटीनं मुंबईला जाताना तो येईपर्यंत आम्ही झोपायचो नाही. व्हिडिओत धुरळ्यापलीकडं फारसं कळत नाही, पण नंतर खाली पडलेला ढीग पाहिला की कळतं: दगड थोडे, भर फार.

कागदावर अंदाज असा बांधला होता की कमानीच्या पायथ्याचे चार-चार दगड राहतील. खालचे दगड जवळजवळ आडवेच असतात आणि मागच्या भरीखाली दबलेले. वर जावं तसा उतार वाढतो, आणि साधारण तीस अंशांच्या पुढं दगड नुसत्या घर्षणावर थांबत नाही, घसरतो. ५.८ नं भागलं तर पाच. मी एक कमी धरला, कारण सुरुंगाचा हादरा.

चावीवरची भर खरवडून काढली. मामा दाराशी उभे होते, एका डोळ्यावर हिरवं कापड. ऑपरेशन परवाच झालं. "नातवंडागत वागवलीस आन् आता पाडतोस," म्हणाले. चिमट्यानं चावी वर उचलली.

एका बाजूला पाच दगड राहिले, दुसरीकडं सहा. बाकीचे वीस चावीसकट खाली. भरीचा एक लोंबता ओठ खांबाच्या बाजूला तसाच राहिला, असा की मी कितीही कोरला असता तरी जमला नसता. लांब दगडांची शेपटं आत रुतलेली दिसतात, आखूड दगडांच्या जागी खोबणी पडल्यात. सांधमोड दिसते! अर्धा तास काही न करता नुसता बघत बसलो. मग पातळ सुपरग्लू सोडून सगळं जागच्या जागी पक्कं केलं.

काही दगड पडताना फुटले, दोन-तीन टेबलाखाली गेले. फुटलेल्यांचा चुरा ढिगात मिसळला.

२१ जुलै

बुरशी. ओढ्याच्या काठाला गच्चीवरच्या कुंडीतली खरी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली होती. पुण्यातला जुलै, खिडकी बंद. आठ दिवसांत पांढरी लव आली. क्षणभर वाटलं गवताचा परिणाम छान साधलाय.

सगळी खरवडली. नवी माती चाळली, कढईत भाजली, डिंकात डेटॉलचे थेंब टाकले. कढई कोणती घेतली यावरून घरात जे झालं ते या नोंदींच्या कक्षेत येत नाही.

२८ जुलै

रंग. आणि मोठी चूक. दगड म्हटलं की माझा हात आपोआप काळ्या रंगाच्या बाटलीकडं जातो. डोळे सह्याद्रीत घडलेले. किल्ला, घाट, धरण, देऊळ, सगळं काळ्या बसाल्टचं. करडा-काळा थर, वर राखाडी हात, दरजांत पांढरा चुना. झाल्यावर फोटो एका मित्राला पाठवला. त्याचं उत्तर: "सुंदर. वाईचा घाट का?"

खरं होतं त्याचं. कृष्णेच्या काठावर शोभला असता. वरच्या टायबर खोऱ्यात वाळूचा दगड आणि मार्ल (चुनखडी मिसळलेल्या मातीचा मऊ दगड) यांचे थर आहेत. तिथलं जुनं बांधकाम करडं-पिवळसर, ऊन पडलं की मधाच्या रंगाकडं झुकणारं. पुन्हा पहिल्यापासून. आधी सगळ्यावर फिकट मातकट थर, मग प्रत्येक दगड वेगळा: पाच मिश्रणं केली, त्यांत एक हिरवट करडं, एक जरा तांबूस. शेजारशेजारचे दोन दगड एका रंगाचे येऊ द्यायचे नाहीत एवढाच नियम. तळाशी पाण्याच्या रेषेपर्यंत गडद हिरवट डाग.

तुटलेल्या तोंडाचा रंग वेगळा. शेकडो वर्षं ऊन-पाऊस खाल्लेली साल बाहेर, आतला दगड कालपर्यंत उजेडात नव्हता. म्हणून तो फिकट, कोरडा, जवळजवळ कच्च्या पिठासारखा. भर गडद मातीची. या दोन रंगांच्या मधली रेघ किती तीक्ष्ण ठेवायची यावर तीन संध्याकाळी गेल्या. डेंटल स्टोनचा मूळचा पिवळा रंग इथं कामी आला. काही जागी रंग लावलाच नाही.

४ ऑगस्ट, रविवार

माणसं. भारतीय शिपाई १/३५ मध्ये सहज मिळत नाहीत, म्हणून ब्रिटिश आठव्या आर्मीच्या संचातून केलेत. इटलीच्या उन्हाळ्यात दोघांचा पोशाख सारखाच, खाकी ड्रिल आणि १९३७ पॅटर्नचे कॅनव्हासचे पट्टे. चेहरे मात्र बदलावे लागतात, नाकाखाली मिशी चिकटवून मराठा होत नाही. गालफडं जरा कोरली, रंगात तांबूस गुलाबी टाळला. उंची ४८ मिमीच्या आसपास. एक खेचर पण आहे. डोंगरात जिथं गाडी थांबायची तिथून पुढं खेचरंच.

पुढचा सॅपर सुरुंगशोधक फिरवतोय, तोच पोलिश अभियंता कोसात्स्की यांनी युद्धात बनवलेल्या प्रकारचा. दुसरा गुडघ्यावर बसून पांढरी फीत पसरतोय. फितीच्या आतलं तपासलेलं, बाहेरचं नाही. पूल उडवला की बाजूच्या उताराला आणि सोयीच्या जागांना सुरुंग पेरायचे, ही जर्मनांची ठरलेली रीत. कारण पूल गेला की माणसं तिथूनच उतरणार. फीत कापसाच्या दोऱ्याची केली, तीनदा बदलली. जाड दिसली की सगळं खोटं वाटतं.

बेली पुलाचा, म्हणजे सुट्या पोलादी चौकटी जोडून उभारायच्या लष्करी पुलाचा, मोह झाला होता. दहा फूट लांबीची एकेक चौकट, सुमारे ५७० पौंडांची, सहा जणांनी उचलायची. आणि १९४३ च्या डिसेंबरात मोरो नदीवर आपल्या सॅपरनी तो पलीकडच्या, शत्रूच्या काठावरून उलटा अलीकडं बांधत आणला होता. त्याचं नावच 'अशक्य पूल' पडलं. पण तुटक्या गाळ्यावर बेली टाकला की तुटका गाळा झाकला जाईल. तो वेगळा प्रकल्प.

आज फ्लॉरेन्सची आठवण आली. ३-४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री जर्मनांनी तिथले पोन्ते वेक्क्यो सोडून सगळे पूल उडवले. जेवताना मामांना सान्ता त्रिनिताची गोष्ट सांगितली: सोळाव्या शतकातला पूल, लोकांनी आर्नोच्या पात्रातून त्याचेच दगड वर काढले, कमी पडले ते नव्यानं खाणीतून आणले, आणि १९५८ मध्ये होता तसा पुन्हा उभा केला. पुलावरच्या एका पुतळ्याचं डोकं तर १९६१ मध्ये सापडलं. मामा जेवायचे थांबले होते. "नंबर टाकले असतील दगडांवर," एवढंच म्हणाले.

११ ऑगस्ट

पाणी. ओढा जुलैतला, म्हणजे घोट्याएवढा. रेझिन दोन थरांत ओतलं, प्रत्येकी २ मिमी. पहिला थर दमटपणानं दुधी झाला, दुसऱ्यानं ते झाकलं. एका कोपऱ्यातून गळून फळीखाली गेलं आणि टेबलाला चिकटलं. टेबल जुनंच आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

मामा उद्या गावी जाणार. डोळा आता स्वच्छ आहे. सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी गळतेय हे त्यांनीच सांगितलं. पूल उजेडात नेऊन ठेवला आणि म्हटलं, आता बघा.

बराच वेळ बघत होते. खेचराला हसले. मग तुटक्या गाळ्यासमोर वाकून बोटानं हवेत मोजायला लागले. आधी वर, मग खाली पात्रात.

"एकतीस म्हणालावतास ना? वर ह्या अंगाला पाच, त्या अंगाला सहा. अकरा. म्हंजी वीस पडले."

"हो."

"खाली तेरा हायत."

मी पण मोजले. तेरा.

"काही पाण्याखाली गेले असतील, मामा."

"पाणी घोट्याएवढं दाखवलंयस."

"स्फोटात फुटले असतील. काही लांब उडाले असतील."

"फुटले तर तुकडं दाव. लांब गेले तर लांब टाक, ते काय फळीभाईर जातील व्हय समदे? गावातली माणसं उद्या दगड गोळा करायला आली तर सात कमी भरतील." मग जरा थांबून, "चावी तरी हाय का त्यात?"

चावी होती. उताणी, ओढ्याच्या मधोमध, खेचराच्या पुढच्या पायाशी. तेवढ्यावर त्यांनी मान हलवली आणि चहा मागितला.

साचा माळ्यावर टाकला होता, तो खाली काढलाय. एका कोपऱ्यात थोडा फाटलाय पण चालेल. डेंटल स्टोन डब्यात तळाशी आहे, एका ओतणीपुरतं. आठ निघतील. सात पात्रात आणि काठावर बसवायचे, आठवा फोडायचा.